आभाराच्या पानावर नसलेलं वाक्य

अप्पा, तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. आपण एकाच घरात राहत होतो, आणि मी शिकायला बाहेरगावी जाईन म्हटलं तर तुम्ही म्हणायचात, इथं विद्यापीठ असताना बाहेर कशाला. आज दुपारी लिहायला बसलेय ती त्या किड्यांमुळं. तुम्ही त्यांना शेवटपर्यंत ‘तुझे किडे’ म्हणत आलात. खरं तर एका उन्हाळ्यात ते माझ्यापेक्षा तुमचेच जास्त होते.

आमच्या वर्गाची सहल हिमाचलात गेली होती, तिथं मी ते पहिल्यांदा पाहिले. देवदाराच्या झाडाखाली एक मेलेला उंदीर पडला होता आणि तो हलत होता. मला वाटलं अजून जिवंत आहे. वाकून बघितलं तर त्याच्या खाली दोन काळे भुंगेरे, पाठीवर नारिंगी पट्टे, उताणे होऊन पायांनी त्याला वर ढकलत होते आणि खालची माती उकरत होते. नर आणि मादी. आम्ही जेवून परत आलो तोवर उंदीर मातीत अर्धा गेला होता. संध्याकाळी तिथं काहीच नव्हतं, नुसती भुसभुशीत माती. माझे सर, म्हणजे पुढं पीएचडीला माझे गाइड झाले ते, म्हणाले की आता खाली यांचा संसार सुरू होईल. उंदराचे केस काढून त्याचा गोळा करतील, तो कुजू नये म्हणून त्याला अंगातला द्राव चोपडतील, शेजारच्या मातीत अंडी घालतील, आणि अळ्या निघाल्या की दोघं मिळून त्यांना भरवतील. किड्यांमध्ये आईबापानं पिल्लांना तोंडानं भरवणं फार दुर्मिळ आहे. मी त्याच दिवशी ठरवलं की आपला विषय हाच. सरांनी रीतसर परवानगी काढली आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा जाऊन काही जोड्या ओल्या शेवाळात गुंडाळून आणल्या.

घरी सांगितलं तेव्हा आपण जेवत होतो. तुम्ही चितेगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होता, हातपाय धुऊन बनियनवर बसला होता. मी मोठ्या उत्साहात सांगत होते, मेलेले उंदीर कुठून मिळवायचे, किती दिवसांनी बदलायचे. तुमचा घास हातातच राहिला. आईनं माझ्याकडं डोळे वटारले, पण मला कळलं नाही.

तुम्ही म्हणालात, “तुझ्या आज्यानं जे हातातनं टाकलं, ते तू चिमट्यानं उचलायलीस व्हय?”

आज्याची गोष्ट मला पाठ होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. पाटलाचा बैल मेला, निरोप आला, आज्जा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, तिसऱ्या दिवशी माणसं दारात. बैल फुगून वास सुटला तरी आमच्या आळीतलं कुणी हललं नाही. मग वर्षभर गावानं कामाला बोलावलं नाही, विहिरीच्या वाटेवर काटे टाकले. तुम्ही तेव्हा रांगत होता. आपल्या घरात हीच गोष्ट सणासारखी सांगितली जायची. आणि मी, पंचवीस वर्षांची, एमएस्सीला पहिली आलेली, तुम्हाला म्हणाले, “अप्पा, हे सायन्स आहे. यात जात नसते.”

तुम्ही शांतपणे म्हणालात, “मेल्या ढोरात बी जात नव्हती, बाई. उचलणाऱ्यात व्हती.”

तुम्ही ताटात हात धुतला आणि उठलात. त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही माझ्या अभ्यासाबद्दल एक शब्द काढला नाही. रागावला होता असंही नाही. कंपनीच्या बसपर्यंत जाताना मला विद्यापीठाच्या रिक्षात बसवून द्यायचा, डबा घेतलास का विचारायचा. फक्त तो विषय आला की बाहेर जाऊन उभे राहायचा.

मग तो मे महिना आला. हे किडे थंड डोंगरातले, आपल्याकडच्या उन्हात एक दिवस जगायचे नाहीत, म्हणून त्यांना डिपार्टमेंटच्या थंड कपाटात ठेवलेलं असायचं. सुट्टी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात ते कपाट बंद पडलं. मेकॅनिक पुण्याहून येणार, तो कधी ते कुणालाच माहीत नाही. मी डबे उचलून घरी आणले, आतल्या खोलीत ओली पोती टाकून ठेवले आणि रडत बसले. तुम्ही दारात येऊन नुसते बघून गेलात. संध्याकाळी कुंभाराकडून एक मोठा रांजण आणि त्यात बसेल असा माठ घेऊन आलात. दोन्हींच्या मध्ये वाळू भरली, वाळूवर पाणी सोडलं, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि सायकलच्या कॅरियरला बांधून बर्फाचा तुकडा आणलात. थर्मामीटर आत सोडून मला म्हणालात, “बघ, चालंल का.” चाललं. थोडं गरम होतं, पण ते जगले. मी विचारलं, “अप्पा, तुम्हाला तर हे आवडत नाही.” तुम्ही म्हणालात, “जित्या जीवाला उन्हात मारायचं का मंग?”

आणि चारच दिवसांत मला कावीळ झाली. डोळे पिवळे, उभं राहिलं की अंधारी. नव्या जोड्यांना उंदीर द्यायची वेळ झाली होती. आई त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायची नाही. मी खाटेवर पडून छताकडं बघत होते, सगळं काम वाया जाणार म्हणून. तुम्ही पायथ्याशी येऊन बसलात. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, “उंदीर केवढा लागतो?”

त्या एका प्रश्नात तुम्ही काय ओलांडलंत ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी आजारी होते, पण इतकीही नव्हते. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, लहान हवा, घरातला, औषध घालून मारलेला नको, पिंजऱ्यातला किंवा सापळ्यातला हवा. तुम्ही मान डोलावली. कंपनीच्या कुंपणाला लागून शेतं होती, कँटीनमागं धान्याची पोती असायची. तुम्ही तिथं सापळे लावले. पाळी सुटली की प्लॅस्टिकच्या पिशवीत उंदीर घेऊन यायचा, खोलीत जाऊन डब्यात ठेवायचा आणि नंतर न्हाणीत इतका वेळ हात धूत बसायचा की आई बाहेरून हाक मारायची. तो पाण्याचा आवाज मी खाटेवरून ऐकत असे.

पहिले काही दिवस तुम्ही ठेवून लगेच बाहेर यायचा. मग हळूहळू आत थांबायला लागलात. या किड्यांना उजेड सहन होत नाही, म्हणून मी बॅटरीला लाल जिलेटीन लावलेलं होतं. खिडकीला पोतं, दार लोटलेलं, आणि भर दुपारी त्या अंधारात तुम्ही लाल उजेड धरून उकिडवे बसलेले. बाहेर येऊन मला सांगायचा. “केस काढले गं सगळे. न्हाव्यानं काढावं तसे.” “गोल केलंय, लाडवावाणी.” “आज अंडी फुटली. बारीक बारीक, पांढऱ्या. आई किरकिर आवाज करती, मग त्या मान वर करत्यात.” आणि एकदा, जवळजवळ हसत, “बाप बी भरवायलाय. म्या नीट बघितलं. आधी आईनं दिलं, मंग त्यानं.”

मी म्हणाले, “दोघंही भरवतात, अप्पा. नर थोडे दिवस आधी निघून जातो, मादी शेवटपर्यंत राहते.”

“जाऊ दे,” तुम्ही म्हणालात, “व्हता तवर भरवलं ना.”

मग एके दिवशी तुम्ही बाहेर आलात ते सरळ उंबऱ्यावर बसलात. मी विचारलं तर म्हणालात, “तिनं एक खाल्लं.” मला आधी कळेना. “तिचंच लेकरू. भरवता भरवता उचललं आन खाल्लं. आजून एक खाल्लं.” मी समजावलं की हे असंच असतं. अंडी जास्त घातलेली असतात, उंदीर लहान असतो, सगळ्यांना पुरणार नाही हे आईबापांना कळतं, मग ते काही अळ्या कमी करतात म्हणजे उरलेल्या नीट वाढतात. पुस्तकात लिहिलेलं आहे. तुम्ही ऐकून घेतलं. एवढंच विचारलंत, “म्हंजे पुरत नाय म्हणून?” मी हो म्हणाले. तुम्ही उठून अंगणात गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेतातला उंदीर आणलात, घरातल्या उंदराच्या दुपटीहून जड. मला दाखवला नाहीत. त्यानंतर जवळजवळ सगळे मोठेच आणलेत, कमीअधिक वजनाचे. मी बरी होऊन पहिल्यांदा त्या खोलीत गेले आणि डबे उघडले तेव्हा मला ते दिसलं. माझ्या प्रयोगात सगळ्या जोड्यांना सारख्याच वजनाचा उंदीर द्यायचा होता. मी संतापले. अजून अशक्तपणा होता, आवाज चिरका झाला. “मी लहान सांगितला होता ना? तुम्हाला कळत नाही तर स्वतःच्या मनानं कशाला करता? सगळं बिघडवून ठेवलं.” तुम्ही न्हाणीतून येत होता, कोपरापर्यंत हात ओले. म्हणालात, “मोठा दिला तर ती खाईत नाय, बाई. बघ की. एकाबी डब्यात खाल्लं नाय.” मी म्हणाले, “त्याचा काय उपयोग?” तुम्ही टॉवेल घेतलात आणि हात पुसत राहिलात. ते पुसून केव्हाच कोरडे झाले होते, तरी तुम्ही पुसत होता, आणि मी डब्यांची झाकणं आपटून लावत होते.

संध्याकाळी तुम्ही माझ्या उशाशी एक कागद ठेवलात. जुन्या कॅलेंडरचं पान, मागची कोरी बाजू. त्यावर तुमच्या अक्षरात, मशिनच्या नोंदवहीत लिहायचा तसं, रकाने पाडून: डबा कोणता, उंदराचं वजन, पहिल्या दिवशी पिल्लं किती, शेवटी वाढून कोष करायला मातीत गेली किती, ‘खाल्ली’ किती. कंपनीच्या स्टोअरमध्ये छोटा काटा होता, त्यावर तुम्ही प्रत्येक उंदीर तोलून आणला होता. तुम्ही दहावी झालेला फिटर. तुम्हाला कुणी प्रयोग शिकवला नव्हता. लहान उंदीर, मोठा उंदीर, त्याहून मोठा, एकेक पायरी चढवत तुम्ही बघत गेला होता की किती वजनाला ती लेकरं खायची थांबते.

सुट्टी संपल्यावर मी ते आकडे वहीत उतरवून सरांना दाखवले. सर खुर्चीतून पुढं झाले. म्हणाले, “हे फार छान सुचलं. यावरच आता नीट मोठा प्रयोग बांधू, हा स्वतंत्र चॅप्टर होईल. कुणी केलं हे?” घरी कुणी मदत केली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हणाले, “मीच.” का म्हणाले ते मला सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं, आणि सर इतके खूश झाले की परत घेता आलं नाही.

पुढची दोन वर्षं उंदीर तुम्हीच पुरवलेत. मी वजन सांगायचे, तुम्ही त्या वजनाचे आणायचा. आता न्हाणीत फार वेळ लागायचा नाही. तो चॅप्टर माझ्या प्रबंधातला सगळ्यात चांगला चॅप्टर झाला, असं परीक्षकांनीही लिहिलं. आणि आभाराच्या पानावर मी सरांचे मानले, डिपार्टमेंटचे मानले, हिमाचलातल्या वाटाड्याचे मानले, मैत्रिणींचे मानले, आईवडिलांच्या आशीर्वादाचे मानले, सगळे मानतात तसे. उंदरांसाठी एक वाक्य लिहिलं: मृत प्राणी गोळा करण्यासाठी स्थानिक सहाय्यकांची मदत झाली. तेही इंग्रजीत. मी ते वाक्य आधी नीट लिहिलं होतं, अप्पा. माझ्या वडिलांनी हे प्राणी गोळा केले आणि पहिली निरीक्षणं त्यांची आहेत, असं. मग तोंडी परीक्षेचा विचार आला. हॉलमध्ये बाहेरचे परीक्षक असणार, सगळं डिपार्टमेंट असणार. आपलं आडनाव पहिल्या पानावर. पुढच्या पानावर वडील मेलेली जनावरं गोळा करतात. कुणीतरी दोन्ही जोडेल, नुसतं हसेल, काही बोलणारही नाही. शिवाय सरांना मी ‘मीच’ म्हणून बसले होते. मी वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं.

क्रांती चौकातल्या बाइंडिंगवाल्याकडून प्रती आल्या त्या दिवशी तुम्ही सुट्टी घेतली होती. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तुम्ही हात धोतराला पुसून पुस्तक घेतलंत, पानं उलटलीत, किड्यांचे फोटो ओळखलेत. “ही रांजणातली हाय का?” मग म्हणालात, “आभाराचं पान कंचं?” कंपनीच्या वार्षिक अंकात आभाराचं पान असायचं, म्हणून तुम्हाला माहीत होतं. मी काढून दिलं. “वाच.”

आणि मी वाचलं. पानावर बोट ठेवून, इंग्रजीतून मराठी करत असल्यासारखं: “माझ्या वडिलांच्या कष्टानं हे काम उभं राहिलं. प्रयोगासाठी लागणारे उंदीर त्यांनी आणले आणि पहिली नोंद त्यांनी केली.” आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. तुम्ही म्हणालात, “परत वाच.” मी परत वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, “मघाशी ‘कष्टानं’ म्हणलीस, आता ‘मदतीनं’ म्हणायलीस.” मी म्हणाले, “इंग्रजीत एकच शब्द आहे, अप्पा. दोन्ही अर्थ होतात.” तुम्ही मान हलवलीत. खूप समाधानानं हलवलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पुस्तक कंपनीत न्यायला मागितलंत. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. तुम्ही ते धुतलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातलंत. संध्याकाळी आलात, लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवलंत आणि चहा मागितलात. मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होते. तुम्ही म्हणालात, “लोकं लई खूश झाली.” बस. त्यानंतर तुम्ही ते पुस्तक पुन्हा कधी काढलं नाहीत. मला वाटलं, निभावलं.

मला कॉलेजात नोकरी लागली, तुम्ही निवृत्त झालात, मग तो झटका आला. दवाखान्यात तुमची उजवी बाजू गेली होती, पण बोलणं बरंचसं कळायचं. एका सकाळी मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, “तुझे किडे हायत का आजून?” मी म्हणाले, “नाहीत अप्पा. ते काम संपलं.” तुम्ही म्हणालात, “त्या मोठ्या उंदरावरची समदी जगली व्हती. म्या मोजली व्हती.” मी म्हणाले, “हो, तुम्हीच मोजली होती.” खोलीत आपण दोघंच होतो. नर्स नव्हती, आई घरी गेली होती. सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी चमचा पुढं केला. तुम्ही तोंड उघडलंत.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंपनीतले स्टोअरवाले चाचा आले होते. आता ते शेंद्र्याला लेकाकडं असतात, तिथून रिक्षा बदलत बदलत आले. मंडळी जेवून गेल्यावर मागं थांबले, आईशेजारी सतरंजीवर बसले. म्हणाले, “माझ्याच काट्यावर तोलायचे, बेटा. मी म्हणायचो, अप्पा, साहेबानं पाहिलं तर दोघांची नोकरी जाईल. तर म्हणायचे, एकच मिन्ट, चाचा.” आई हसली. मी पण हसले. मग चाचा म्हणाले, “कँटीनमध्ये एक जण होता, नाव नाही घेत. रोज बोलायचा. काय अप्पा, बापाचं जुनं काम परत धरलं काय. सगळ्यांसमोर. अप्पा जवाब द्यायचे नाहीत. एकदाच बोलले. म्हणाले, पोरीच्या अभ्यासाचं हाय, तिच्या पुस्तकात माझं नाव येणार हाय, तवा दाखवतो तुला.”

मला उठून जायचं होतं. मी चाचांपुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“मग ती किताब आणली ना त्यांनी. आधी माझ्याकडं आले, स्टोअरात. म्हणाले, चाचा, तुम्हाला इंग्रजी येतं, ह्या पानावर माझं कुठं हाय त्यावर बोट ठेवा, म्हंजे त्याला दाखवायला बरं. मी दोनदा वाचलं. नव्हतं, बेटा. आईवडिलांचा आशीर्वाद होता. आणि लोकल असिस्टंट होतं. मी सांगितलं त्यांना. थोडा वेळ पान बघत राहिले. मी म्हटलं, मी सांगतो त्याला नाव आहे म्हणून, त्याला कुठं वाचता येतंय. तर म्हणाले, नको. किताब टॉवेलात बांधली, स्टोअरातच ठेवली. कँटीनमध्ये तो माणूस म्हणाला, आणली का किताब? अप्पा म्हणाले, घरी इसरली.” चाचांनी डोळे पुसले. “मला कसम घातली, घरी बोलू नका. म्हणाले, तिची काय तरी अडचण असंल.”

म्हणजे त्या दिवसापासून पेज भरवेपर्यंत, सगळी वर्षं, तुम्हाला माहीत होतं. माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला गेटपर्यंत सोडायला आलात तेव्हा माहीत होतं. पाहुण्यांना ‘आमची बाई डॉक्टर हाय, किड्यांची’ म्हणून सांगताना माहीत होतं. दवाखान्यात तुम्ही किड्यांचा विषय काढलात तेव्हा मला वाट करून देत होता का, की खरंच तुम्हाला त्या अळ्या आठवल्या होत्या? मी याचा खूप विचार करते. कधी एक वाटतं, कधी दुसरं. कोणतंही धरलं तरी मी चमचाच पुढं केला.

चाचा गेल्यावर आईनं मला विचारलं. सरळ विचारलं, सतरंजी झटकता झटकता. “कामून नव्हतं गं त्यांचं नाव? तू तर वाचून दाखवलं व्हतं, माझ्यासमोर.” आणि मी म्हणाले, “मी लिहिलं होतं, आई. सरांनी नंतर काढायला लावलं.”

सरांनी ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं, अप्पा. आभाराचं पान गाइड बघत नाहीत.

आईनं ते धरून ठेवलं. तुम्हाला ती माहीतच आहे. सरांचं नाव निघालं की ती म्हणते, “शिकलेली माणसं, पर आपल्या माणसाचं नाव त्यांच्या पुस्तकात चालंना.” शेजारणींना सांगितलं, मावशीला सांगितलं, विहारातल्या बायकांना सांगितलं. मी दरवेळी ऐकते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

परवा सर घरी आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला, स्वतः, गुडघे दुखत असताना पायऱ्या चढून. मी आतून धावत आले तर आई बाहेरच्या खोलीत बसलेली, आणि सर उभे. तिनं बसा म्हटलं नव्हतं. मी खुर्ची दिली. सर तुमच्याबद्दल बोलले, चांगलं बोलले. म्हणाले, “तुमचे वडील एकदा डिपार्टमेंटला डबा द्यायला आले होते, मला आठवतं, किती शांत माणूस.” आई तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिली. मी पाणी आणायला वळले तर ती म्हणाली, “पाणी नाय घरात.” माठ तिच्या शेजारी भरलेला होता, सरांना दिसत होता. त्या घरात, अप्पा, जिथं तुम्ही कुणाला पाण्यावाचून जाऊ दिलं नाहीत, कारण पाण्यावाचून परत पाठवणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक होतं. सर पाच मिनिटं बसले आणि उठले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला निघाले. त्यांनी चप्पल घालताना विचारलं, “आईंची तब्येत बरी नाही का?” मी म्हणाले, “हो सर, हल्ली त्यांना काही आठवत नाही.”

आईला सगळं आठवतं. मी सरांना खोटं सांगितलं, आणि या वेळी आईच्या अंगावर ढकललं.

आत्ता ती बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे. दार उघडं आहे, मला तिची पाठ दिसते. मधूनच ती विचारते, “काय लिव्हायलीस एवढं?” मी म्हणते, कॉलेजचं आहे. सकाळी ठरवलं होतं की आज तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, सरांनी नाही, मी खोडलं. दोनदा गेले. एकदा तिला चहा करून दिला, एकदा पंखा वाढवून आले. मग येऊन हा कागद घेतला. हे तुम्हाला सांगायची खरं तर गरज नव्हती, तुम्हाला ते मी सांगायच्या आधीपासून माहीत होतं. सांगायचं होतं तिला. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, अप्पा. तुम्ही काही विचारणार नाही.